दुआ मागा, पाऊलही टाका

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत ठरावीक वाक्यं ऐकू येतात. मुलगा असेल तर, "शिकून काय करणार, आपल्याला नोकरी कोण देणार?" मुलगी असेल तर, "पुरे झालं आता शिक्षण." आणि शेवटी एक शब्द : नसीब. मुलांची स्वप्नं मिटवणारा हा शब्द आपण श्रद्धेच्या नावावर खपवतो. म्हणून आज कुरआनातल्याच एका स्वप्नाविषयी बोलू या.

सूरह यूसुफमध्ये सुरुवातीलाच एका मुलाचं स्वप्न येतं. अकरा तारे, सूर्य आणि चंद्र आपल्यापुढे झुकल्याचं त्याला दिसतं. पण त्यानंतर वाट्याला येते ती विहीर. भाऊच त्याला तिच्यात टाकतात. पुढे थोड्याशा दिरहमांना विक्री, खोटा आळ आणि तुरुंग. सुटून गेलेला सोबती राजाकडे त्याचा विषय काढायला विसरतो आणि आणखी काही वर्षं कोठडीतच जातात.

या सगळ्या काळात हजरत यूसुफ (अ.) नसिबाला दोष देत बसत नाहीत. तुरुंगातही ते सोबत्यांच्या उपयोगी पडतात. राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना दुष्काळ येणार एवढंच सांगून थांबत नाहीत. सात वर्षं पेरा, खाण्यापुरतं काढा, बाकीचं कणसातच राखून ठेवा, असा बेतही सांगतात. मग धान्यकोठारांची जबाबदारी ते स्वतःहून मागतात. त्यासाठी प्रामाणिकपणा आणि कामाची जाण या दोनच गोष्टी पुढे करतात. ज्या भावांनी विहिरीत टाकलं, त्यांनाही पुढे त्याच कोठारातून धान्य मिळतं आणि माफीही. स्वप्न एका मुलाचं होतं, त्याचं फळ मात्र भुकेल्या लोकांपर्यंत पोहोचलं. ध्येय उच्च कशाने होतं, याचं उत्तर इथे आहे.

याच सूरहमध्ये वृद्ध वडील हजरत याकूब (अ.) मुलांना सांगतात की जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. शोध आणि आशा एकाच आदेशात आहेत. तवक्कुलचा अर्थ यापेक्षा सोपा कोण सांगेल? भरवसा अल्लाहवर, चालायचं आपण.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. जालना जिल्ह्यातल्या रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख पुण्यात शिकायला आला, तेव्हा मुस्लिम नावामुळे त्याला खोली मिळेना. मित्राचं नाव सांगून राहावं लागलं. २०१६ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात तो यूपीएससी उत्तीर्ण झाला. त्याच्या जिद्दीचं कौतुक सगळे करतात. पण गॅरेजमध्ये काम करून घराला आणि त्याच्या शिक्षणाला हातभार लावणारा त्याचा भाऊ आपण विसरतो. स्वप्न एकाचं असलं, तरी त्यासाठी खपणारे हात अनेक असतात.

याचा अर्थ व्यवस्थेला मोकळं सोडायचं असा नाही. संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ मध्ये केंद्र सरकारने बंद केली. नाव ऐकून खोली नाकारणं हा अन्यायच आहे. याविरुद्ध संविधानाच्या मार्गाने बोलत राहणं ही आपली जबाबदारी आहे. मात्र न्याय मिळेपर्यंत पुस्तक मिटून ठेवणं आपल्याला परवडणारं नाही.

मोठ्यांनाही आमचं सांगणं आहे. शादीच्या मंडपावर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेसाठी काढा. जकातीचा विचार करताना फी भरता न येणारा गरजू विद्यार्थी आठवा. आणि मुलीला पुढे शिकायचं असेल, तर तिचा अर्ज भरायला अब्बांनी स्वतः सोबत जावं.

तरुण मित्र-मैत्रिणींनो, फजरच्या नमाजनंतर दुआसाठी हात उठतील, तेव्हा आपलं स्वप्न स्पष्ट शब्दांत अल्लाहपुढे मांडा. त्यातून आणखी कुणाचं भलं होणार आहे, तेही स्वतःला विचारा. मग उठा आणि त्या दिवसाचं काम सुरू करा. प्रवेशाचा अर्ज असेल, गणिताचा राहिलेला धडा असेल किंवा अम्मी-अब्बांशी टाळलेलं बोलणं असेल. विहिरीतून मिसरच्या कोठारापर्यंतचा रस्ता लांब होता, पण तो बंद नव्हता.