तुपावरचा खटला

आजीला अल्झायमर असल्याचं निदान झालं आणि त्याच आठवड्यात घरात खटला उभा राहिला. आरोपी तूप. आत्या म्हणाली, "आयुष्यभर वरणभातावर धार धरली, आता भोगतेय." काकांचा व्हॉट्सॲप फॉरवर्ड नेमका उलटा: मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं, ते कमी करणाऱ्या गोळ्यांनीच माणूस विसरतो. बाबांना हे दुसरं पटलं. त्यांनी स्वतःची स्टॅटिनची गोळी गुपचूप बंद केली.

मला या दोन्ही पक्षांशी भांडायचंय. दोघांची चूक एकच आहे. रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा आणि मेंदूतलं कोलेस्टेरॉल त्यांना एकच वाटतं.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीरातल्या कोलेस्टेरॉलपैकी साधारण २० ते २५ टक्के तिथे असतं. ते ताटातून येत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पहारा रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळपास आत सोडतच नाही. मेंदू आपलं आपण बनवतो. ॲस्ट्रोसाइट नावाच्या मदतनीस पेशी ते तयार करतात, एपीओई नावाचं प्रथिन ते चेतापेशींपर्यंत पोचवतं, आणि जास्त झालं की चेतापेशी त्याचं रूप जरा बदलून ते रक्तात सोडून देतात. स्वयंपाकघर, डबेवाला, मोरी, सगळं घरातल्या घरात.

आता गंमत बघा. उतारवयातल्या अल्झायमरशी सगळ्यात घट्ट नातं असलेलं जनुक या डबेवाल्याचंच आहे. एपीओईच्या ई४ या प्रकाराचा हा संबंध १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवला. ई४ असलं की आजार होतोच असं नाही, पण धोका कैक पटींनी वाढतो.

२०२२ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी ई४ असलेल्या माणसांचे मेंदू तपासले. चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढवणाऱ्या पेशींच्या आत कोलेस्टेरॉल साचलं होतं आणि जिथे ते लागतं त्या वेष्टणात मात्र कमतरता होती. पातेली भरलेली आणि पंगत उपाशी! ई४ असलेल्या उंदरांमध्ये कोलेस्टेरॉलची वाहतूक सुधारणारं औषध दिल्यावर वेष्टण सुधारलं, स्मरणशक्तीही सुधारली. उंदरांमध्ये, हे विसरू नका.

नीमन-पिक सी नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. त्यात कोलेस्टेरॉल पेशीच्या आतच अडकून पडतं, आणि कोवळ्या वयातल्या रुग्णांच्या मेंदूतही अल्झायमरमध्ये दिसतात तशा प्रथिनांच्या गाठी सापडतात. या मुलांनी किती तूप खाल्लं असेल?

कोलेस्टेरॉल हेच एकमेव कारण, असं मी म्हणत नाही. पण अलॉइस अल्झायमरने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या रुग्णाच्या मेंदूत प्रथिनांचे थर आणि गाठी पाहिल्या, तसाच मदतनीस पेशींमध्ये साठलेला चरबीसारखा ऐवजही नोंदवला होता. थर आणि गाठी प्रसिद्ध झाल्या, चरबी कित्येक दशकं अडगळीत पडून राहिली. ही चूक शास्त्राची. आपली चूक त्याहून साधी आहे: प्रश्न 'किती' असा नसून 'कुठे' असा आहे, हे आपण समजूनच घेत नाही.

मग रक्ताचा आकडा सोडून द्यायचा? मुळीच नाही. अल्झायमर झालेल्यांना स्टॅटिन देऊन पाहिलं, त्याने घसरण थांबली नाही, हे खरं. पण मध्यमवयात एलडीएल वाढलेलं असणं हा डिमेन्शियाचा एक टाळता येण्याजोगा धोका असल्याचं लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये नोंदवलं. कोलेस्टेरॉल मेंदूत शिरत नसलं तरी मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तर खराब करतंच. गोळी घेतल्यावर विसरायला होतंय असं वाटलं तर डॉक्टरांना विचारा. काकांना नको.

बाबांना हे सगळं समजावायला मला तीन रविवार लागले. शेवटी ते डॉक्टरांकडे गेले आणि गोळी पुन्हा सुरू झाली.

आत्याशी भांडण अजून चालू आहे. कारण तिचं वाक्य फक्त चुकीचं नाही, क्रूरही आहे. जिला स्वतःची बाजू मांडायला आता शब्द सापडत नाहीत, तिच्यावरच आपण आरोप ठेवतोय. आजी माझं नाव विसरते, पण वरणभात समोर आला की हात वाटीकडे जातो. मी तूप वाढते. चमचाभरच, पण वाढते.