शर्यत एकटीची नको, सगळ्यांबरोबर हवी

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, तात्याना मॅकफॅडेन हे नाव तुम्ही ऐकलंय का? जन्म 1989 चा, लेनिनग्राडचा. मणक्यातल्या जन्मजात दोषामुळे कमरेखालचे शरीर लुळे. पहिली सहा वर्षे अनाथाश्रमात गेली. तिथे व्हीलचेअर नव्हती, म्हणून ती चक्क हातांवर चालायची! पुढे एका अमेरिकन बाईंनी तिला दत्तक घेतले.

2004 च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये, पंधराव्या वर्षी, तिने व्हीलचेअर शर्यतीत दोन पदके जिंकली. आणि मेरीलँड राज्यातल्या शाळेत? इतर मुली धावताना तिने थांबायचे, मग रिकाम्या ट्रॅकवर एकटीने शर्यत! तिने आईच्या साथीने कोर्टात दावा लावला. नुकसानभरपाई नको, फक्त सगळ्यांबरोबर ट्रॅकवर उतरू द्या, एवढीच मागणी. 2006 मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. 2008 मध्ये त्या राज्याने तसा कायदाच केला.

आपल्याकडेही 2016 चा दिव्यांग हक्क कायदा शाळेत खेळाची समान संधी द्यायला सांगतो. तरी पीटीच्या तासाला अशा मुलाला आपण काय म्हणतो? "तू दप्तरं सांभाळ." आपल्याला ती काळजी वाटते, पण मुलाला कळतं की मैदान आपलं नाही.

त्यापेक्षा सगळ्यांनाच जमिनीवर बसवून चेंडूफेक घ्या. खेळाचे नियम बदला, मूल बाहेर काढू नका. पालकहो, "पडेल" ही तुमची भीती खरीच आहे. पण पडल्याशिवाय खेळ शिकलंय का कुणी?