मुद्दलाला हात लावला नाही!

आमच्या छोट्या न्यासाच्या वार्षिक सभेत एक वाक्य हमखास टाळ्या घेते : "मुद्दलाला हात लावलेला नाही!" यंदा मीही टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन हिशेब मांडला. कुठून दुर्बुद्धी सुचली!

पाच लाखांची ठेव, सात टक्के व्याज. म्हणजे ३५,००० रुपये. आयकराची सूट हवी, तर एरवी त्यातले ८५ टक्के, २९,७५० रुपये, धर्मकार्यात खर्चायचे. उरले ५,२५०. महागाई पाच टक्के धरली, तर मुद्दलाची किंमत टिकवायलाच २५,००० हवेत! हात आम्ही लावत नाही, महागाई लावते. यंदा शिष्यवृत्तीत एका मुलीचा जेमतेम बसचा पास निघाला, वह्या राहिल्याच.

एका विश्वस्तांनी जादा व्याजाच्या कुठल्याशा पेढीचे नाव काढले. कायदा ती मोकळीक देत नाही, आणि तेच बरे. पैसा काय आमच्या घरचा आहे?

शेवटी जुन्या विद्यार्थ्यांना पत्रे धाडली : देणगी द्या, आणि ती मूळ निधीसाठी असल्याचे लिहून द्या, म्हणजे ठेवीतच राहील. पहिले उत्तर आले, सोबत १,००१ रुपये. "माझ्या वेळी," त्या गृहस्थांनी लिहिले होते, "तुमच्या पैशांत वह्या, पुस्तके आणि वर्षाची फीसुद्धा भागली होती."