चाक तेच, आरे नवे

रोटाविषाणू हे लहान मुलांमधील तीव्र अतिसाराचे एक प्रमुख कारण. त्याविरुद्धची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१६ मध्ये चार राज्यांपासून सुरू झाली आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातही पोहोचली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या बाळांना ती तोंडावाटे दिली जाते. मात्र लस आली म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणे धोक्याचे ठरेल. त्याचे कारण या विषाणूच्या रचनेतच आहे.

रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मेलबर्न येथे आजारी बालकांच्या आतड्याच्या पेशींत हा विषाणू पाहिला. सूक्ष्मदर्शकाखाली तो चाकासारखा दिसतो. लॅटिनमध्ये 'रोटा' म्हणजे चाक. प्रथिनांची एकात एक अशी तीन आवरणे आणि आत आरएनएचे ११ सुटे तुकडे, अशी त्याची घडण आहे. मधल्या आवरणातील 'व्हीपी-६' प्रथिनावरून त्याचा गट ठरतो. माणसाला प्रामुख्याने 'ए' गट बाधतो. बाहेरच्या आवरणातील 'व्हीपी-७'वरून 'जी' प्रकार, तर काट्यांसारख्या 'व्हीपी-४'वरून 'पी' प्रकार ठरतो. 'जी-१ पी-८' हे जोडनाव त्यातूनच आले.

खरी गोम आहे ती सुट्या तुकड्यांत. दोन भिन्न प्रकार एकाच पेशीत शिरले, की पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसावेत तशी जनुकांची सरमिसळ होते. त्यात कधी जनावरांतील विषाणूंचाही वाटा असतो. म्हणूनच २००८ पासून केवळ दोन नव्हे, तर अकराही जनुकांवर आधारित वर्गीकरण रूढ झाले.

या सरमिसळीचा लाभही झाला आहे. 'रोटाव्हॅक' ही लस ज्या विषाणूपासून बनली, तो १९८०च्या दशकात दिल्लीतील एका नवजात बालकात आढळला होता. मानवी विषाणूत गुरांच्या विषाणूचे जनुक निसर्गतःच मिसळून तो तयार झाला होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'रोटासील'मध्ये हेच तत्त्व प्रयोगशाळेत योजले गेले.

दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथील चाचण्यांत 'रोटाव्हॅक'ने पहिल्या वर्षी गंभीर आजारापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण दिले. हे संरक्षण एकाच प्रकारापुरते नसते, पण ते संपूर्णही नसते. दरम्यान, देशात पूर्वी आघाडीवर असलेल्या 'जी-१ पी-८'ची जागा अनेक ठिकाणी 'जी-३ पी-८'ने घेतल्याचे आढळले. हा लसीचाच परिणाम, असा निष्कर्ष घाईचा होईल. कारण असे चढउतार लसीविनाही होत असतात. नैसर्गिक चढउतार कोणता आणि लसीला चकवणारा बदल कोणता, हे रुग्णांच्या नमुन्यांची वर्षानुवर्षे तपासणी केल्याखेरीज कळणार नाही. त्यामुळे वर्गीकरण हा केवळ प्रयोगशाळेतील नोंदवहीचा विषय नाही. लसीकरणावर होणाऱ्या खर्चाइतकेच महत्त्व या पाळतीलाही मिळायला हवे. अन्यथा लसीची धार बोथट झाल्याचे रुग्णालयातील खाटा भरल्यावरच समजेल.