मंजुरी कोणाची?



जुन्नर तालुक्यातलं डिंगोरे हे कल्याण–नगर रस्त्यावरचं गाव. भाजीपाला ओतूर-नारायणगावच्या बाजारात न्यायचा, नाहीतर माळशेज घाट उतरून कल्याणला धाडायचा, तर गाडी लागतेच. म्हणून स्वतःची पिकअप दारात असावी असं घराघरात वाटतं. अशा घरातल्या बाईच्या मोबाईलवर एक दिवस निरोप येतो : तुमचं आठ लाखांचं वाहनकर्ज आधीच मंजूर झालं आहे.

जिच्या नावावर सात-बारा नाही, तिच्या नावावर आठ लाख! पण हे कशामुळे? पोटाला चिमटा घेऊन तिनं कर्जाचे हप्ते वेळेवर फेडले, त्याची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे झाली. घरात कुणी न मोजलेली तिची शिस्त बाजारानं मोजली. ‘आधीच मंजूर’ म्हणजे फक्त एवढंच, की गिऱ्हाइकांच्या यादीत तिचं नाव निवडलं गेलं. कागदपत्रं आणि उत्पन्न तपासल्यावर नकारही मिळू शकतो.

म्हणून पहिला प्रश्न, निरोप खरा आहे का? आलेल्या लिंकवर बोट ठेवू नका. पासबुक घेऊन शाखेत जा आणि विचारा. कर्ज मिळण्याआधी कुणाच्या खाजगी खात्यात ‘फाईलचे पैसे’ भरायला सांगितले, ओटीपी मागितला, तर ती फसवणूकच. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

निरोप खरा निघाला, तरी व्याज खरं सांगितलंय का? ‘फक्त ८ टक्के’ हा दर सरसकट असेल, तर आठ लाखांवर पाच वर्षांत ३ लाख २० हजार व्याज होतं, हप्ता १८,६६७ रुपये. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र पूर्ण आठ लाखांवरच चालू राहतं. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर १४ टक्क्यांच्या वर जातो.

इथे कायदा आपल्या बाजूला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी अशा कर्जासाठी मुख्य माहितीपत्रक देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर हवा, आणि विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळायला हवेत. तेव्हा ‘आजच सही करा’ म्हणणाऱ्याला सांगा, आधी मराठीतलं पत्रक द्या. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या या नियमात येत नाहीत, त्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली असतात. तिथे हाच हिशेब आपणच लेखी मागून घ्यायचा.

आणि शेवटचा प्रश्न घरातला. गाडी नवऱ्याच्या नावावर, भाडं दिराच्या खिशात आणि हमीदार म्हणून सही बाईची, असं तर होत नाही ना? हप्ते थकले तर हमीदाराकडूनही सगळी वसुली होऊ शकते. १८७२ च्या करार कायद्यानं हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. उद्या टोमॅटोचा भाव पडला, तर दारात वसुलीवाला उभा राहील तो तिच्यापुढे. अशा वेळी एवढं लक्षात ठेवा : ट्रकच्या कर्जावरून प्रकाश कौर या बाईंचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. गाडी गुंड पाठवून नाही, कायद्याच्या मार्गानंच ताब्यात घ्यावी, असं न्यायालयानं २००७ साली त्यात बजावलं.

आमचा गाडीला विरोध नाही. बाईनं कर्ज घ्यावं, गाडीची मालकीण व्हावी, जमल्यास स्वतः चालवावी. पण त्या निरोपात मंजुरी असते ती देणाऱ्याची. फेडणारीची मंजुरी अजून कुणी विचारलेलीच नसते. पुढच्या बैठकीत असा निरोप आलेल्या बाईनं तो सगळ्यांपुढे वाचावा आणि गटानं मिळून हिशेब मांडावा. त्यानंतर ती ‘हो’ म्हणेल किंवा ‘नाही’ म्हणेल, ती खरी मंजुरी.