सर्किट बेंच आले, वकिलांची डायरी मात्र जुनीच

18 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांतील वकिलांची चार दशकांहून जुनी मागणी पदरात पडली. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयीन इमारतीत दोन न्यायमूर्तींचे एक आणि एकल न्यायमूर्तींची दोन पीठे बसू लागली. सांगलीच्या पक्षकाराला मुंबई पावणेचारशे किलोमीटर पडते, कोल्हापूर जेमतेम पन्नास. रात्रीची गाडी, लॉजचे भाडे, फोर्टातले जेवण आणि शेवटी ‘आज बोर्ड लागला नाही’ हे ऐकून परतणे, यातून लोक सुटले. या लढ्याचे श्रेय वकील संघटनांना द्यायलाच हवे.

पण उच्च न्यायालय दारात आणणाऱ्या वकिलांच्या ऑफिसांचे काय?

बेंच येण्यापूर्वी जिल्हा न्यायालयातला वकील अपिलाची कागदपत्रे मुंबईच्या ओळखीच्या वकिलाकडे पाठवत असे. पुढचा युक्तिवाद, पुढच्या तारखा, पुढची धावपळ मुंबईकराची. आता सांगलीचा किंवा साताऱ्याचा वकील स्वतः कोल्हापुरात उभा राहू शकतो आणि अशिलाचीही तीच अपेक्षा असते. ‘साहेब, तुम्हीच चला’ म्हटल्यावर नाही कसे म्हणायचे? मग सकाळी कोल्हापूरची तारीख, त्याच दिवशी सांगलीत विजयनगरला जिल्हा न्यायालयात उलटतपास आणि दुपारी तासगावात मनाई अर्जावर युक्तिवाद. साताऱ्याच्या वकिलाचे हाल याहून वाईट. त्याला सव्वाशे किलोमीटर जायचे आणि तेही सहापदरीकरणाचे काम चाललेल्या महामार्गावरून. अंतर कमी झाले म्हणून कामही कमी झाले, असा हिशेब वकिलीत चालत नाही. उलट झाले आहे. जे काम दुसऱ्याच्या अंगावर होते ते आपल्या अंगावर आले.

एक साधे गणित मांडून पाहावे. समजा, एका वकिलाकडे 300 चालू प्रकरणे आहेत आणि प्रत्येकाला सरासरी 45 दिवसांनी तारीख पडते. म्हणजे महिन्याला 200 तारखा. न्यायालयाचे कामाचे दिवस 22 धरले तर रोज नऊ. या नऊ तारखा चार-पाच कोर्टांत विखुरलेल्या आणि बहुतेक ठिकाणी पुकारा अकराच्या सुमारासच. सरतपास, उलटतपास, अंतिम युक्तिवाद अशी खरी मेहनतीची कामे यातली दोनच असली, तरी आदल्या रात्री त्यांची तयारी हवी. ती कधी करायची? संध्याकाळी ऑफिसात नवे पक्षकार बसलेले असतात. म्हणून मुदत अर्ज. समोरच्या वकिलाचीही तीच गत असल्याने तोही हरकत घेत नाही आणि दोघांच्या संमतीने दावा दीड महिना पुढे सरकतो.

तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी डिसेंबर 2022 मध्ये आंध्र प्रदेशातील एका कार्यक्रमात राष्ट्रीय न्यायिक माहिती ग्रिडच्या आधारे सांगितले होते, की देशातली 63 लाखांहून अधिक प्रकरणे वकील उपलब्ध नसल्यामुळे रखडलेली मानली जातात. कागदपत्रे किंवा रेकॉर्ड न आल्याने अडकलेली प्रकरणे 14 लाखांहून अधिक होती. वकिलांची बाजूही लक्षात घ्यावी. न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या, समन्स बजावून येत नाही, नकला वेळेवर मिळत नाहीत, दिवसभर थांबूनही मॅटर निघत नाही, हे सगळे खरे. शिवाय फी हप्त्याहप्त्याने येते, कधी पिकाचे पैसे आल्यावर. प्रकरणे कमी घ्या म्हणणे सोपे, घर चालवणे अवघड. तरीही 63 लाखांतला वकिलांच्या हातातला वाटा लहान नाही आणि तो दुरुस्त करायला कुणाच्या अध्यादेशाची वाट पाहावी लागत नाही.

सांगली जिल्ह्यात या अव्यवस्थेची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते ती धनादेशाच्या प्रकरणांत. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग, जत हा द्राक्ष आणि बेदाण्याचा पट्टा. व्यापारी माल उचलतो, चेक देतो, हंगाम संपता संपता चेक परत येतो आणि बागायतदार वकिलाकडे धावतो. इथून पुढे कायदा घड्याळ लावून बसलेला असतो. चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून देणेकऱ्याला 15 दिवस. ते संपले, की एका महिन्यात तक्रार दाखल. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून माफ करून घेता येतो, नोटिशीचे 30 दिवस हुकले तर मात्र चेक न वटल्याच्या त्या घटनेवर फौजदारी तक्रारीचा मार्गच बंद. वर्षभराचे पीक गेलेल्या माणसाचा हक्क कारकुनाच्या टेबलावर पडून राहिलेल्या कागदामुळे बुडावा, याला काय म्हणावे? प्रतिवादीच्या कैफियतीचेही तेच. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत ती द्यायची, न्यायालयाने मुदत वाढवली तरी 90 दिवसांपर्यंत. जिल्हा न्यायालयातले दिवाणी अपील 30 दिवसांत, हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयातले 90 दिवसांत.

यातली एकही मुदत वकिलाला माहीत नसते असे नाही. कायद्याच्या पहिल्या दोन वर्षांत पाठ झालेल्या या गोष्टी. चूक ज्ञानात नसते, नोंद ठेवण्यात असते. डायरीत तारीख लिहिली जाते ती न्यायालयाने दिलेली. कायद्याने आपोआप सुरू झालेली मुदत तिथे लिहिलीच जात नाही, ती वकिलाच्या डोक्यात असते आणि डोक्यात त्या दिवशी आणखी नऊ प्रकरणे असतात.

शल्यचिकित्सेत हाच प्रश्न मराठी वंशाच्या एका डॉक्टराने हाताळला. यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावच्या घराण्यातले अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी 19 मुद्द्यांची एक यादी तयार करवली. रुग्ण तोच आहे का, शस्त्रक्रियेची जागा खूण केली का, प्रतिजैविक दिले का, असे प्रश्न भूल देण्यापूर्वी, चिरा घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी मोठ्याने विचारायचे. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. 2009 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आले आणि गंभीर गुंतागुंत 11 वरून 7 टक्क्यांवर. निष्णात सर्जनांनाही आधी ही यादी पोरखेळ वाटली होती. सांगलीतल्या वकिलाच्या ऑफिसात प्रकरण दाखल होतानाच एक पान भरले गेले तर काय बिघडेल? कारण केव्हा घडले, मुदत केव्हा संपते, कोणती कागदपत्रे कोणाकडून यायची, मूळ कागद कुणाजवळ, पुढच्या तारखेला कोण उभा राहणार. पान भरल्याशिवाय वकीलपत्रावर सही घ्यायची नाही, एवढाच नियम.

‘कोण उभा राहणार’ हा खरा कळीचा मुद्दा. जिल्ह्याच्या ठिकाणची वकिली अजून एका नावावर चालते. वकीलपत्रावर एकाहून अधिक वकिलांची नावे घालायला कायद्याची काही आडकाठी नाही. वकिलांनी वकिलांशी भागीदारी करायलाही बार कौन्सिलची मनाई नाही, फक्त वकील नसलेल्या माणसाशी फी वाटून घेता येत नाही. तरीही तीन-चार वकिलांनी एकत्र येऊन एकाने कोल्हापूर, एकाने सत्र न्यायालय, एकाने महसूल आणि तालुका अशी वाटणी करण्याला इथला वकील बिचकतो. अशील फुटेल, ही भीती. ती अगदीच निराधार नाही, पण कोल्हापूरच्या बोर्डासमोर एकट्याने सहा जिल्ह्यांशी झुंजण्याचा धोका तिच्याहून मोठा आहे.

गटाने काम करण्याचा नमुना सरकारी खर्चाने उभाही राहिला आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2022 च्या योजनेनुसार जिल्ह्यांत विधी सहाय्य संरक्षण वकिलांची पूर्णवेळ कार्यालये उभारली जात आहेत. मुख्य, उप आणि सहायक अशा पायऱ्या, मदतीला कर्मचारी, खासगी वकिलीला मनाई. गरीब आरोपीला पूर्वी पॅनेलवरचा एखादा वकील मिळे आणि तो दुसऱ्या कोर्टात असला तर तारीख पडे. आता प्रकरण व्यक्तीकडे नसून कार्यालयाकडे असते. फौजदारी बचावासाठी जे जमते ते शेतजमिनीच्या वाटपाच्या दाव्यासाठी न जमण्यासारखे काय आहे?

मग येतात ज्युनियर. ते सिनिअरची बॅग उचलतात, मुदत मागतात, पुरसीस देतात आणि महिनाअखेर मिळाले तर पेट्रोलचे पैसे. भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढून ज्युनियरांना शहरी भागात किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार रुपये दरमहा विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही. सांगलीच्या किती ऑफिसांत 15 हजार मिळतात, याची चौकशी बाररूममध्ये केली तर लोक विषय बदलतात. परिणाम असा, की हुशार मुले दोन वर्षांत स्पर्धा परीक्षेकडे, बँकेकडे किंवा पुण्याच्या कंपन्यांकडे जातात आणि सिनिअर पुन्हा नव्या पोराला दिवाणी अर्जाचा मसुदा शिकवत बसतो. विद्यावेतन परवडत नाही म्हणणाऱ्याने ही दर दोन वर्षांची शिकवणी कितीला पडते तेही मोजावे. तीन वकिलांनी मिळून दोन ज्युनियर ठेवले तर भार विभागतो, हे तर सरळच आहे.

कोल्हापूरने आणखी एक काम वाढवले, ज्याची चर्चा फारशी होत नाही. खालच्या न्यायालयातले जबाब, पंचनामे, सातबारा, फेरफार, खरेदीखते सगळे मराठीत, उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत. दोनशे पानांच्या रेकॉर्डचे भाषांतर करणारा विश्वासू माणूस सांगलीत चटकन मिळत नाही आणि वकील ते रात्री जागून स्वतः करतो. हे वकिलाचे काम नव्हे. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या वकील संघटनांनी भाषांतरकारांचे एक सामायिक पॅनेल ठरलेल्या दराने उभे केले, तर दोन्ही जिल्ह्यांचे शेकडो तास वाचतील. महिलांना घरून करता येईल असे हे काम आहे.

संगणकाबद्दल फार सांगायला नको. ई-कोर्ट्सचे अ‍ॅप प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, प्रकरणाचा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. तरी फाइल कागदाचीच. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात आणि मारुती चौकात शिरले, 2021 मध्ये पुन्हा आले. ज्या शहराने दोन वर्षांत दोन महापूर पाहिले, तिथल्या वकिलाने अशिलाचे मूळ खरेदीखत तळमजल्याच्या लाकडी कपाटात ठेवावे आणि त्याची स्कॅन प्रतही नसावी, हा निष्काळजीपणाच होय.

चूक झाली तर अशिलाने दाद कुठे मागायची? मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असे ठरवले. 1981 मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले होते, की वकील गैरहजर राहिला म्हणून निष्पाप पक्षकाराला शिक्षा होऊ नये. अलीकडे मात्र सगळा दोष वकिलावर ढकलून उशीर माफ करून घेण्याच्या सवयीवर न्यायालये नाराजी व्यक्त करू लागली आहेत. बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण तिने गेलेली जमीन परत येत नाही.

म्हणून तूर्त पक्षकारानेच थोडे सावध व्हावे. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी त्यावर आणखी कुणाचे नाव आहे ते पाहा. कोल्हापूरला कोण उभे राहणार आणि त्या दिवशी इथल्या तारखेला कोण, हे विचारा. सीएनआर क्रमांक लिहून घ्या आणि मूळ कागद देताना त्याची पोच मागा. चांगल्या वकिलाला या प्रश्नांचा राग येणार नाही.