एवढीशी युक्ती

दिवाळीच्या आधी आठ दिवस घराघरांतून एक विद्या चालू असते आणि तिला शाळा नसते. चकली तेलात हसायला लागली की मोहन जास्त झाले, हे कुठल्या विद्यापीठात शिकवीत नाहीत. शेजारच्या काकू सांगतात. काही काकू मात्र भाजणीचे प्रमाण सांगताना एखादा जिन्नस हातचा राखतात, आणि आपली चकली त्यांच्यासारखी का होत नाही, याचा विचार आपण वर्षभर करीत बसतो. सांगून टाकणारे आणि राखून ठेवणारे असे हे दोन पंथ फार जुने आहेत. संगणकाच्या राज्यातही ते नांदतात.

त्या राज्यातल्या पहिल्या पंथाला ‘मुक्तस्रोत’ म्हणतात. आज्ञावलीचे मूळ लिखाणच सर्वांसमोर मांडायचे. कुणीही ते वाचावे, वापरावे, बदलावे आणि पुढे द्यावे. 1983 साली रिचर्ड स्टॉलमनने असा संकल्प सोडला आणि 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा पाया घातला. ही मोठी कामे झाली. त्यांचे पोवाडे पुष्कळांनी गायिले आहेत. मला कौतुक वाटते ते या मंडळींच्या किरकोळ देवघेवीचे. दहा ओळींचा एखादा तुकडा, एका वाक्याची युक्ती, ‘इथे अडलास तर असे करून पाहा’ एवढाच निरोप! देणाऱ्याला त्याची किंमत वाटत नाही. अडलेल्याला मात्र तो देव भेटल्यासारखा वाटतो.

आमच्या महाड-पोलादपूरकडचेच उदाहरण घ्या. इथल्या मुलाने निबंध लिहायला घेतला की सह्याद्रीच्या दऱ्या त्यात यायच्याच. पण तो संगणकावर उतरला की पुष्कळदा वाक्य होते, ‘आम्ही पोलादपूरच्या दर्यात उतरलो.’ दऱ्यांचा दर्या झाला आणि डोंगराच्या कुशीतल्या गावाच्या पायाशी समुद्र आला! त्याच न्यायाने आचाऱ्यांना वाढपाचे पैसे द्यायचे ते आचार्यांना जातात. दोष मुलाचा नव्हे. साध्या ‘र’चा पाय मोडला की त्याचा रफार होऊन तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. मराठीचा तो आडवा, पापणीसारखा ‘र’ हवा असेल तर खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यावा लागतो. युनिकोडमध्ये त्याला स्वतःचे घर आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे ही कळ मारली की तो येतो. मग हलन्त, मग ‘य’. झाली दरी तयार!

ही युक्ती मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितली. मूळचा पोलादपूरकडचा, आता पुण्यात आज्ञावल्या लिहितो. एवढ्यावर तो थांबला नाही. जुन्या लिखाणातले असे शब्द शोधून देणारा दहा-बारा ओळींचा तुकडा त्याने लिहिला. सरसकट बदल करून चालत नाही; कारण कोळ्यांचा दर्या दर्याच राहिला पाहिजे. म्हणून यंत्राने शब्द नुसता दाखवायचा आणि निर्णय माणसाने करायचा, अशी त्याने योजना केली. तुकडा सर्वांसाठी खुला ठेवला आणि सोबत मराठीत चार ओळी लिहिल्या: हा काय करतो, कसा चालवावा आणि कुठे फसतो. पुढे कुणा अनोळखी माणसाने यादीत ‘पायऱ्या’ घातला, दुसऱ्याने ‘शेतकऱ्यांना’. माझ्या मते त्या लिखाणातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ‘कुठे फसतो’. हातचा न राखलेला जिन्नस तो हाच.

‘अहो, एवढ्याशा तुकड्याचे काय घेऊन बसलात?’ असे कुणी म्हणेल. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अकरा ओळींचा तुकडा त्याच्या कर्त्याने एका वादातून मागे घेतला. मजकुराच्या डावीकडे हवी तेवढी जागा भरून काढणे, एवढेच त्याचे काम. पण जगभरच्या असंख्य आज्ञावल्या त्याच्यावर उभ्या होत्या. त्यांची बांधणी काही तास अडून राहिली. डावीकडे जागा सोडणे ही काही लहान गोष्ट नव्हे!

आणि जागा सोडण्याचा उपदेश तर आमच्या तालुक्याला फार जुना आहे. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे परंपरा सांगते. त्याच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात वेदान्त नाही. आहेत त्या निव्वळ युक्त्या. अक्षर वाटोळे आणि मोकळे काढावे, पानाभोवती जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर जाणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी वाचता येत नाही. एवढ्या थोर पुरुषाला शाई-कागदाच्या गोष्टी सांगणे कमीपणाचे वाटले नाही. मात्र हा समास आरंभीच ब्राह्मणाला उद्देशून बोलतो, हेही आज वाचताना नजरेआड करता येत नाही. युक्ती उत्तम; पण हाक एकालाच.

त्याच महाडात चवदार तळे आहे. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला. 1924 साली महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर पाणी सर्वांचे झाले. पण अस्पृश्यांना ते पिता येईना. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही दंगा, मारहाण आणि कोर्टकचेरी चुकली नाही. उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला 1937 साल उजाडले.

त्या लढ्याशी संगणकातल्या तुकड्यांची बरोबरी करणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. पण त्याने शिकवलेली एक गोष्ट इथेही लागू पडते: खुले आहे असे लिहिल्याने एखादी वस्तू खुली होत नाही. मुक्तस्रोताच्या परवान्यात ‘कुणीही घ्यावे’ असे लिहिलेले असते. पण बहुतेक परवाने इंग्रजीत, युक्त्या इंग्रजीत आणि त्या देणारेही कधीकधी नवख्याच्या भोळ्या प्रश्नाला हसणारे. पोलादपूरच्या वाडीवरून जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला तो स्रोत दिसतो. पोचता येत नाही. तिच्यासाठी कुणीतरी मराठीत चार साध्या ओळी लिहिल्या, प्रश्नाला न हसता उत्तर दिले, तर ती पाण्यापर्यंत पोचेल.

आपल्या घरातही अशी कामे करणारे मुलगे-मुली, सुना-जावई असतील. या दिवाळीत फराळाला बसतील तेव्हा त्यांना एवढेच सांगा: ‘जे येते ते मराठीतही लिहून ठेव. मोठा ग्रंथ नको. अडलेल्याला पुरे होईल एवढे.’ तळी बांधणारे थोडेच असतात. पायऱ्या मात्र कुणालाही घालता येतात. आणि तो शब्द कसा उमटवायचा, तेही आता आपल्याला ठाऊक आहे.